कायमचे फाइलीत, आजचे कमांड लाइनवर

कमांड लाइनवरून चालणारा प्रोग्राम दोन ठिकाणांहून सूचना घेतो. पहिले ठिकाण म्हणजे प्रोग्राम सुरू करताना त्याच्या नावापुढे टाइप केलेले ऑप्शन. दुसरे म्हणजे आधीच लिहून ठेवलेली कॉन्फिगरेशन फाइल. ऑप्शन त्या एका खेपेपुरते असतात. काम झाले की त्यांचे आयुष्य संपते. फाइल मात्र डिस्कवर राहते आणि दर खेपेला वाचली जाते. बहुतेक उपयोगी प्रोग्रामांना दोन्ही लागतात, आणि दोन्ही आले की प्रश्नही येतात. एकाच गोष्टीबद्दल फाइल एक सांगते आणि ऑप्शन दुसरेच सांगतो, तेव्हा कोणाचे ऐकायचे? फाइल जागेवर नसेल तर गप्प राहायचे की थांबायचे? फाइलीत चालू ठेवलेली गोष्ट एका दिवसापुरती बंद कशी करायची? प्रोग्राम लिहिणारा ही उत्तरे बहुधा घाईत देतो आणि वापरणारा ती पुढे कित्येक वर्षे सोसतो.

उदाहरणासाठी भरती-ओहोटीच्या वेळा काढून देणारा एक लहान प्रोग्राम समोर ठेवता येईल. त्याचे नाव ‘भरती’ आणि ठिकाण रेडी. सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला, वेंगुर्ले तालुक्यात, गोव्याच्या हद्दीला लागून असलेले हे बंदर लोहखनिजाच्या वाहतुकीसाठी ओळखले जाते. यशवंतगडाच्या पायथ्याच्या खाडीत होडी केव्हा न्यायची आणि केव्हा बाहेर काढायची, हे तिथे पाणी ठरवते. त्यामुळे भरतीची वेळ ही इथे रोजच्या उपयोगाची माहिती आहे. लेखातल्या कमांड, ऑप्शन आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांतच करायची असतात.

भरतीची वेळ काढायचा कोकणात एक जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचे. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटे जातात, त्यामुळे सकाळची वेळ कळली की रात्रीचीही कळते. हा हिशेब ढोबळ आहे, पण ज्याला पाऊणकी येते त्याला कागदाशिवाय जमतो. त्याहून नेमके हवे असेल तर छापील कोष्टक घ्यायचे. देहरादूनचा भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी भरतीची कोष्टके प्रसिद्ध करतो. मुरगावसारख्या मोठ्या बंदराच्या वेळा दिवसागणिक दिलेल्या असतात. जवळच्या लहान बंदरासाठी वेगळे कोष्टक मांडण्याऐवजी मोठ्या बंदराच्या वेळेत ठरावीक मिनिटे मिळवायची किंवा वजा करायची, ही दर्यावर्दी लोकांची नेहमीची रीत आहे. त्यापुढची गोष्ट कुठल्याच कोष्टकात नसते. जोराचा नैर्ऋत्येचा वारा सुटला की पाणी छापील आकड्यापेक्षा वर चढते, आणि ते त्या दिवशी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसालाच दिसते.

प्रोग्रामच्या सूचनांचे थरही असेच एकावर एक असतात. पाऊणकीचा हिशेब म्हणजे प्रोग्राममध्येच लिहिलेले डिफॉल्ट: काहीच सांगितले नाही तरी चालणारे. बंदराचा ठरावीक फरक म्हणजे कॉन्फिग फाइल: एकदा नोंदवायचा, मग वर्षभर तोच. आजचा वारा म्हणजे कमांड लाइनवरचा ऑप्शन.

कोणती गोष्ट कुठे ठेवायची

यासाठी एकच कसोटी पुरते: ते मूल्य किती काळ खरे राहते? रेडीचे स्थान बदलत नाही. उंची मीटरमध्ये हवी की फुटांत, ही आवड माणसागणिक वेगळी असली तरी त्या माणसापुरती रोज तीच राहते. ही दोन्ही मूल्ये फाइलीत जातात. तारीख रोज बदलते, म्हणून ती कमांड लाइनवर. ‘भरती’ची फाइल साधारण अशी दिसेल:

[प्लेस]
स्टेशन = रेडी
रेफरन्स = मुरगाव
ऑफसेट = 10

[डिस्प्ले]
युनिट = मीटर
लो = येस

इथला 10 मिनिटांचा फरक केवळ नमुन्यादाखल आहे. होडी घेऊन निघणाऱ्याने तो कोष्टकातून घ्यावा. ही फाइल एकदा लिहिली की रोजची कमांड ‘भरती --डेट 2026-06-15’ एवढीच उरते. फाइल नसती तर याच कमांडीत ठिकाण, मुख्य बंदर, फरक, एकक आणि ओहोटी असे पाच ऑप्शन दर वेळी टाइप करावे लागले असते, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी एखादा आकडा हमखास चुकला असता.

उलट चूकही तेवढीच सर्रास दिसते. तारखेसारखी एका दिवसाची गोष्ट फाइलीत लिहिली जाते. त्या दिवशी काम होते. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम मुकाट्याने कालच्याच वेळा दाखवतो आणि आकडे पटण्यासारखे असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. तीन दिवस जुनी वेळ म्हणजे सव्वादोन तासांची चूक. म्हणून ज्या मूल्याला उद्या अर्थ उरणार नाही त्याला फाइलीत जागाच ठेवू नये. तसे नाव फाइलीत दिसलेच तर प्रोग्रामने ते नाकारावे.

काही गोष्टी या दोन टोकांच्या मध्ये पडतात. पश्चिम किनाऱ्यावरची पावसाळी मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची धरली जाते. या काळात प्रोग्रामने इशारा दाखवावा असे वाटले, तर या दोन तारखा कोडमध्ये लिहून टाकण्याचा मोह होतो, कारण त्या वर्षानुवर्षे त्याच दिसतात. पण त्या सरकारी आदेशाने ठरतात आणि आदेशाने बदलू शकतात. त्यांची जागा फाइलीतच आहे, तीही एका माणसाच्या नव्हे, तर संगणकावरच्या सर्वांसाठी असलेल्या सामायिक फाइलीत.

कोणाचे ऐकायचे

सूचना देण्याची ठिकाणे मोजली तर बहुतेक प्रोग्रामांत पाच निघतात: कोडमधले डिफॉल्ट, सर्वांसाठीची सामायिक फाइल, त्या माणसाची स्वतःची फाइल, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि कमांड लाइन. रूढ क्रमही हाच आहे. पुढचे ठिकाण मागच्यावर मात करते. जे माणसाने सर्वांत अलीकडे आणि जाणूनबुजून सांगितले ते वरचढ, हे त्यामागचे तत्त्व. कमांड लाइनवर टाइप केलेला शब्द आत्ता, याच कामासाठी टाइप केला आहे; फाइलीतली ओळ कदाचित दोन वर्षांपूर्वी लिहिलेली आहे. त्या ओळीने आत्ताच्या शब्दाला खोडावे, अशी रचना करणारा प्रोग्राम वापरणाऱ्याचा विश्वास पहिल्याच दिवशी गमावतो.

भरतीच्या वेळा काढणारा ‘एक्सटाइड’ नावाचा खराखुरा मुक्त प्रोग्राम आहे आणि त्यात हे थर दिसतात. गणितासाठी लागणारी आकड्यांची फाइल संगणकावर कुठे आहे, हे ईटीसी फोल्डरमधल्या एक्सटाइड डॉट कॉन्फ या फाइलीत लिहिलेले असते, किंवा एचफाइल पाथ नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये. नेहमीचे ठिकाण आणखी एका व्हेरिएबलमध्ये ठेवता येते. आणि एखाद्या दिवशी दुसऱ्या बंदराच्या वेळा हव्या असतील, तर कमांडीत ‘-एल’ लिहून त्या बंदराचे नाव द्यायचे, ‘-बी’ने सुरुवातीची वेळ आणि ‘-ई’ने शेवटची. आकड्यांची फाइल वर्षातून एखाद्या वेळी बदलते, ठिकाण क्वचित, तारीख रोज. तिघांच्या जागा त्याच हिशेबाने पडल्या आहेत.

रूढ क्रमाचा अर्थ प्रत्येक प्रोग्राममध्ये सारखाच लावलेला नसतो आणि इथे जाणती माणसेही फसतात. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा गिट आपल्या फाइली सामायिक, वैयक्तिक आणि त्या प्रकल्पाची अशा क्रमाने वाचतो, आणि एकच मूल्य अनेकदा आले तर शेवटचे धरतो. दूरच्या यंत्राशी जोडणारा एसएसएच नेमके उलटे करतो: आधी कमांड लाइन, मग माणसाची फाइल, मग सामायिक फाइल, आणि जे मूल्य पहिल्यांदा सापडेल ते पक्के. दोन्हींत कमांड लाइनच जिंकते. पण एकाच फाइलीच्या आत मात्र फरक पडतो. एसएसएचच्या फाइलीत सर्व यंत्रांना लागू होणारा ‘होस्ट *’ हा भाग सर्वांत वर लिहिला, तर त्यात दिलेली मूल्ये पक्की होतात आणि खाली एखाद्या यंत्रासाठी खास लिहिलेल्या त्याच नावाच्या ओळी वाया जातात. तो भाग शेवटी लिहायचा असतो. नवा प्रोग्राम लिहिणाऱ्याने ‘शेवटचे खरे’ की ‘पहिले खरे’ हे एकदा ठरवून मदतीच्या मजकुरात एका वाक्यात लिहून ठेवावे. त्या एका वाक्याने पुढचे कितीतरी तास वाचतात.

फाइल शोधताना

माणसाच्या स्वतःच्या फाइली लिनक्सवर होम फोल्डरमधल्या डॉट कॉन्फिग नावाच्या फोल्डरात ठेवण्याचा संकेत आता रुळला आहे. पूर्वी प्रत्येक प्रोग्राम थेट होममध्येच टिंबाने सुरू होणारी फाइल टाकत असे आणि होमचा अडगळीचा माळा होत असे. नव्या प्रोग्रामाने नवा संकेत पाळावा. शिवाय ‘--कॉन्फिग’ असा ऑप्शन ठेवून दुसरी कोणतीही फाइल देण्याची सोय असावी, म्हणजे एकाच माणसाला रेडीची एक आणि वेंगुर्ल्याची एक अशा दोन फाइली सांभाळता येतात.

फाइल सापडली नाही तर काय करायचे, याची दोन वेगळी उत्तरे आहेत आणि ती एकत्र करू नयेत. नेहमीच्या जागी फाइल नसणे ही चूक नव्हे; नव्या माणसाकडे ती नसणारच. प्रोग्रामाने डिफॉल्टवर चालत राहावे. पण ‘--कॉन्फिग’ने जी फाइल नाव घेऊन मागितली ती नसेल, तर प्रोग्रामाने तिथेच थांबून तसे सांगितले पाहिजे. नावात एक अक्षर चुकले म्हणून प्रोग्राम गुपचूप डिफॉल्टकडे वळला, तर रेडीची भरती विचारणाऱ्याला भलत्याच बंदराची वेळ मिळते. फाइलच नको असेल त्या वेळेसाठी तसा ऑप्शनही असावा. इंटरनेटवरून फाइली उतरवणाऱ्या कर्लमध्ये ‘-क्यू’ हा ऑप्शन सर्वांत आधी दिला की तो आपली फाइल वाचतच नाही. बिघाड फाइलीत आहे की प्रोग्राममध्ये, हे शोधताना ही सोय फार कामाला येते.

फाइलीच्या आत दिलेले दुसऱ्या फाइलींचे पत्ते हा आणखी एक नाजूक मामला. कमांड लाइनवर ‘वेळा.टीएक्सटी’ लिहिले तर ती फाइल माणूस सध्या ज्या फोल्डरात आहे तिथली, असे धरले जाते आणि ते योग्यच आहे. तेच नाव कॉन्फिग फाइलीत असेल तर? तिथेही सध्याचे फोल्डर धरले, तर प्रोग्राम जिथून चालवावा तिथे वेगळी फाइल शोधली जाईल. फाइलीतला अर्धवट पत्ता त्या कॉन्फिग फाइलीच्या फोल्डरापासून मोजावा. हे काम मूल्ये एकत्र करण्याआधीच उरकावे लागते, कारण एकदा सगळी मूल्ये एका राशीत पडली की कोणते कुठून आले ते कळत नाही.

सव्वाअकराचे 675 कसे होतात

फाइलीत लिहिलेले सगळे अक्षरांच्या रूपात असते. त्यातून आकडा, वेळ किंवा हो-नाही कसे काढायचे, हे फाइलीच्या प्रकारावर अवलंबून असते. यामल हा प्रकार डोळ्यांना सोपा म्हणून लोकप्रिय आहे, पण भरतीच्या वेळा लिहायला घेतल्या की त्याचा एक विचित्र स्वभाव समोर येतो. यामलच्या 1.1 आवृत्तीत 11:15 असे अवतरणचिन्हाशिवाय लिहिले, तर ते साठांच्या पटीतले एक संख्यालेखन समजले जाते: 11 गुणिले 60, अधिक 15, म्हणजे 675. पायथनमधली पायामल ही लायब्ररी आजही हाच नियम पाळते. गंमत पुढे आहे. 05:45 ही वेळ मात्र शून्याने सुरू होत असल्यामुळे त्या नियमात बसत नाही आणि साधा मजकूर म्हणून राहते. अष्टमीच्या आसपास पहाटे फाइल तपासणाऱ्याला सगळे ठीक दिसते आणि पौर्णिमेला प्रोग्राम कोसळतो. भारताच्या प्रमाणवेळेचा फरक 0530 असा लिहिला तर तो आठांच्या पटीतला आकडा समजून 344 होतो. नॉर्वेचा देशसंकेत ‘एनओ’ याच प्रकारात ‘नाही’ म्हणून वाचला जातो. उपाय सोपा आहे: यामल वापरायचेच असेल तर वेळ, संकेत आणि शून्याने सुरू होणारे आकडे अवतरणचिन्हांत लिहावेत.

वर दिलेली ‘भरती’ची फाइल ज्या आयएनआय प्रकारातली आहे, त्यात उलट अडचण असते. तिथे प्रत्येक मूल्य मजकूरच असते. ‘लो = नो’ असे लिहून ते मूल्य थेट हो-नाही म्हणून वापरले, तर पायथन रिकामा नसलेला कोणताही मजकूर ‘हो’ मानतो आणि ओहोटी दाखवली जाते. त्यासाठी अशी फाइल वाचणाऱ्या पायथनच्या कॉन्फिगपार्सर लायब्ररीमध्ये ‘गेट बुलियन’ नावाची वेगळी पद्धत आहे. टॉमल या प्रकारात आकडा, मजकूर, हो-नाही, तारीख आणि वेळ यांचे लेखन आधीच काटेकोर ठरलेले आहे, आणि पायथनमध्ये 3.11 आवृत्तीपासून तो वाचायची सोय आत आली आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने टॉमल घ्यावा, हे निःसंकोच सांगता येते.

मराठी मजकुराचे दोन बारकावे आहेत आणि परभाषेतल्या पुस्तकांत ते सापडत नाहीत. पहिला ‘ऱ्य’चा. वाऱ्याची दिशा नोंदवायला ‘वाऱ्याची_दिशा’ हे नाव फाइलीत वापरले असे धरावे. यातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर खालच्या टिंबाचा ‘ऱ’ आणि मग हलन्त. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी नावे आहेत. युनिकोडची नेहमीची एकरूप करण्याची पद्धतही ती एक करत नाही. फाइल लिहिणाऱ्याला ओळ डोळ्यांसमोर दिसते आणि प्रोग्राम म्हणतो, असे नावच नाही. म्हणून नावे रोमन अक्षरांत ठेवावीत आणि मूल्ये मात्र खुशाल देवनागरीत लिहावीत. ‘रेडी’ हे गावाचे नाव मराठीतच असावे. टॉमलमध्ये तर अवतरणचिन्हाशिवायच्या नावांना रोमन अक्षरे, अंक, अधोरेघ आणि आडवी रेघ एवढीच मुभा आहे.

दुसरा बारकावा फाइल साठवण्याचा. विंडोजवर पायथनला स्पष्टपणे यूटीएफ-8 सांगितले नाही, तर बहुतेक आवृत्त्यांत तो संगणकाच्या जुन्या कोडपेजने फाइल उघडतो आणि ‘रेडी’च्या जागी कचरा येतो. जुन्या नोटपॅडने यूटीएफ-8 मध्ये साठवलेल्या फाइलीच्या सुरुवातीला एक अदृश्य खूणही असते. तिच्यामुळे कॉन्फिगपार्सर पहिल्याच ओळीवर अडतो. फाइल उघडताना ‘यूटीएफ-8-सिग’ हे एन्कोडिंग दिले की दोन्ही अडचणी मिटतात. देवनागरी अंकांची मात्र काळजी नको: पायथनचा ‘इंट’ १० हा मजकूरही 10 म्हणूनच वाचतो. सी भाषेत तशी अपेक्षा ठेवू नये.

प्रत्यक्ष जोडणी

पायथनमध्ये कमांड लाइन वाचायला आर्गपार्स ही लायब्ररी असते. फाइल आणि ऑप्शन जोडायच्या तिच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत दोन फेऱ्यांची. फाइल कोणती हे ऑप्शनमधून कळते, आणि ऑप्शनची डिफॉल्ट मूल्ये फाइलीतून येतात. एका फेरीत हे जमत नाही. म्हणून आधी फक्त ‘--कॉन्फिग’ ओळखणारा छोटा पार्सर करायचा. त्याला मदतीचा ऑप्शन द्यायचा नाही, नाहीतर ‘--हेल्प’ विचारणाऱ्याला अर्धीच मदत दिसते. ‘पार्स नोन आर्ग्ज’ या पद्धतीने तो आपल्यापुरते घेतो आणि बाकीचे बाजूला ठेवतो. मग फाइल वाचायची, तिच्यातली मूल्ये मुख्य पार्सरला ‘सेट डिफॉल्ट्स’ने द्यायची आणि उरलेले ऑप्शन त्याच्याकडून वाचून घ्यायचे. कमांड लाइनवर जे आले ते फाइलीवर आपोआप मात करते.

ही रीत आटोपशीर आहे, पण तिच्यात खाचखळगे आहेत. डिफॉल्ट म्हणून आलेले मूल्य मजकूर असेल तर आर्गपार्स त्याचे ठरलेल्या प्रकारात रूपांतर करतो, परंतु ते परवानगीच्या यादीत आहे का, हे पाहत नाही. एककासाठी मीटर आणि फूट एवढेच चालत असले, तरी फाइलीत ‘वाव’ लिहिले तर ते बिनबोभाट आत जाते. अनिवार्य म्हणून नोंदवलेला ऑप्शन फाइलीत असला, तरी कमांड लाइनवर नसेल तर प्रोग्राम तक्रार करतो. आणि फाइलीत ‘स्टेशन’ऐवजी ‘स्टेसन’ लिहिले तर ‘सेट डिफॉल्ट्स’ ते निमूट साठवून घेतो. कोणालाच काही कळत नाही. म्हणून फाइल वाचल्याबरोबर तिच्यातली नावे माहीत असलेल्या नावांशी ताडून पाहावीत आणि अनोळखी नाव दिसले तर फाइलीचे नाव व तो शब्द दाखवून थांबावे.

दुसरी रीत थरांची. आर्गपार्सला सांगायचे की जो ऑप्शन टाइप झालेला नाही त्याचे डिफॉल्ट भरूच नको. मग कमांड लाइन, एन्व्हायर्नमेंट, वैयक्तिक फाइल, सामायिक फाइल आणि डिफॉल्ट असे पाच वेगळे संच हाती राहतात, आणि पायथनच्या ‘चेनमॅप’मध्ये ते याच क्रमाने रचायचे. मूल्य मागितले की वरून खाली शोध होतो आणि पहिल्यांदा सापडेल ते मिळते. प्रकार तपासणे, यादीशी ताडणे हे स्वतः लिहावे लागते. त्या बदल्यात कोणते मूल्य कोणत्या थरातून आले ते शेवटपर्यंत सांगता येते. दोन-चार ऑप्शनच्या प्रोग्रामाला पहिली रीत पुरेशी आहे. जो प्रोग्राम दुसऱ्यांच्या हाती जाणार आहे, त्याला दुसरी.

हो-नाही प्रकारच्या ऑप्शनला दोन्ही रीतींत एक गोष्ट लागते. ‘--लो’ टाइप केले की ओहोटी दाखव, एवढीच सोय ठेवली आणि फाइलीत ‘लो = येस’ असेल, तर आज फक्त भरतीच हवी असलेल्या माणसाला ते सांगायला शब्दच नाही. ‘--नो-लो’ हा जोडीचा ऑप्शन हवा. आर्गपार्समध्ये 3.9 आवृत्तीपासून ‘बुलियन ऑप्शनल ॲक्शन’ लिहिले की दोन्ही आपोआप मिळतात. याद्यांचेही तसेच. फाइलीत रेडी आणि वेंगुर्ले अशी दोन ठिकाणे आहेत आणि कमांड लाइनवर ‘--स्टेशन मालवण’ आले. आता एकटे मालवण दाखवायचे की तिन्ही? आर्गपार्सचा ‘अपेंड’ फाइलीतून आलेल्या डिफॉल्ट यादीतच भर घालतो, त्यामुळे तिन्ही दिसतात. बहुतेकांना मालवणच हवे असते. बदलणे हे डिफॉल्ट ठेवावे आणि भर घालायला ‘--ॲड-स्टेशन’ असा वेगळा ऑप्शन द्यावा.

गुपिते आणि वेळापत्रक

हवामानाची माहिती इंटरनेटवरून आणायची तर बहुधा एक चावी लागते. ती कमांड लाइनवर कधीही देऊ नये. प्रोग्राम चालू असेपर्यंत त्याची पूर्ण कमांड ‘पीएस’ने त्या संगणकावरच्या इतर माणसांनाही सहसा दिसते, आणि शेलच्या इतिहासात ती नंतरही राहते. चावीची जागा वेगळ्या फाइलीत. त्या फाइलीची परवानगी 600, म्हणजे मालकापुरती वाचण्या-लिहिण्याची. मुख्य कॉन्फिग फाइलीत चावी न ठेवण्याचे कारण असे की ती फाइल माणसे एकमेकांना नमुना म्हणून पाठवतात.

रोज पहाटे आपोआप वेळा काढायच्या असतील तर ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनमध्ये नोंद करावी लागते, आणि टर्मिनलवर चालणारी कमांड तिथे हमखास रुसते. क्रॉनला माणसाचे बहुतेक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल माहीत नसतात. म्हणून ‘--कॉन्फिग’ला पूर्ण पत्ता द्यावा. आजची तारीख घालायला ‘डेट’ कमांडचे टक्केचिन्ह वापरले तर क्रॉन त्याला ओळ संपल्याची खूण समजतो. त्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. त्याहून बरे म्हणजे तारीख दिली नसेल तर ‘भरती’ने आजची धरावी. हे डिफॉल्ट इतके उघड आहे की ते नसणे हीच उणीव.

मूल्य कुठून आले

एवढे थर रचल्यावर वापरणाऱ्याला एक हक्क द्यायलाच हवा: हाती आलेले मूल्य कोणत्या थरातून आले, हे विचारण्याचा. गिटला ‘--शो-ओरिजिन’ असे विचारले की प्रत्येक मूल्यासमोर ते ज्या फाइलीतून आले तिचे नाव येते. एसएसएचला ‘-जी’ दिले की जोडणी न करता सगळी अंतिम मूल्ये छापली जातात. ‘भरती’ला ‘--शो-कॉन्फिग’ दिले तर असे उत्तर यावे:

स्टेशन = रेडी, वैयक्तिक फाइल, ओळ 2
रेफरन्स = मुरगाव, वैयक्तिक फाइल, ओळ 3
ऑफसेट = 15, कमांड लाइन
युनिट = फूट, एन्व्हायर्नमेंट
डेट = 2026-06-15, डिफॉल्ट

ओळीचा क्रमांक देणे थोडे कष्टाचे आहे, कारण बहुतेक लायब्ररी तो ठेवत नाहीत. फाइलीचे नाव दिले तरी पुष्कळ झाले. वरच्या उत्तरात युनिटची ओळ पाहणाऱ्याच्या ध्यानात येते की फाइलीत मीटर असूनही फूट का दिसत आहेत: केव्हातरी शेलच्या सुरुवातीच्या फाइलीत ते व्हेरिएबल लिहिले गेले आणि तिथेच राहिले. ती ओळ काढून, नवे टर्मिनल उघडून पुन्हा ‘--शो-कॉन्फिग’ विचारले की युनिटसमोर मीटर आणि वैयक्तिक फाइल दिसते.